घाटातल्या कटिंगचा एफओएस (घसरणीविरुद्धचा सुरक्षा गुणांक) पाच पद्धतींनी पाच वेगवेगळा येतोय, धरू कुठला?

नवा_भिडू_कोकण (रात्री ११:४२)

नमस्कार मंडळी. जिओटेक (माती-खडकाचं इंजिनिअरिंग) मध्ये नवीन आहे, दीड वर्ष झालं कन्सल्टन्सीत लागून, त्याआधी बिल्डिंगचं आरसीसी करायचो त्यामुळे माती म्हणजे एसबीसी (जमीन किती भार पेलते) एवढंच माहीत होतं 😅

रत्नागिरी जिल्ह्यात रस्ता रुंदीकरणाचं काम आहे, त्यात एका ठिकाणी डोंगर कापायचाय, कटिंगची उंची १४ मीटर, स्लोप एकास एक म्हणजे ४५ अंश. वरती ३-४ मीटर जांभा, खाली साधारण ८ मीटर ती पांढरट-गुलाबी मऊ माती (लिथोमार्ज), आणि तळाला वेदर्ड बसाल्ट. जांभ्याचं धड सॅम्पल मिळालंच नाही म्हणून सध्या सगळा एकच थर धरलाय. लॅब रिपोर्टनुसार सी (मातीचा चिकटपणा) २८ केपीए, फाय (कणांमधल्या घर्षणाचा कोन) २४ अंश, युनिट वेट (एका घनमीटरचं वजन) १८ किलोन्यूटन. बोअरमध्ये पाणी लागलेलं नाही, 'नॉट एन्काउंटर्ड' असं लिहिलंय, म्हणून वॉटर टेबल दिलेलंच नाही.

आता गंमत अशी की फेलेनियसने १.३९ आला, बिशपने १.४६, साध्या जांबूने (करेक्शन न लावता) १.३७, मॉर्गनस्टर्न-प्राइसने १.४७ आणि एका मित्राने एफईएम (फायनाइट एलिमेंटचं कॉम्प्युटर मॉडेल) मध्ये स्ट्रेंथ रिडक्शन (मातीची ताकद कमी करत बघणं) करून दिलं त्यात १.४३. आमच्या डिझाइन बेसिस रिपोर्टमध्ये १.४ पाहिजे असं लिहिलंय. म्हणजे दोन पद्धतींनी नापास आणि तीन पद्धतींनी पास. साहेब म्हणतात मॉर्गनस्टर्नचा लाव आणि रिपोर्ट पाठव, तपासणारे पलीकडचे साहेब म्हणतात सगळ्यात कमी येतो तोच धरायचा असतो. मला मनापासून कळत नाहीये की एकाच डोंगराला पाच उत्तरं कशी काय असू शकतात, यातलं खरं कुठलं? कोणीतरी नीट समजावून सांगा प्लीज, पुस्तकातले फॉर्म्युले बघून झालेत.

सातारी_सिव्हिल (रात्री ११:५८)

भावा एवढा विचार कशाला करतोस, मॉर्गनस्टर्न लाव, ऑटो सर्च ऑन कर, रन मार, विषय संपला. फेलेनियस आता कोण वापरतं राव, आजोबांच्या काळातली पद्धत ती. सॉफ्टवेअर दहा हजार सर्कल (घसरण्याच्या गोल रेघा) तपासतं, तुझ्या-माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

मातीची_गोष्ट (सकाळी ७:१५)

@सातारी_सिव्हिल सॉफ्टवेअरला काहीही कळत नाही रे, आपण जिथे शोध म्हणतो तिथेच ते शोधतं. एन्ट्री-एक्झिटची (सर्कल कुठून आत शिरतं, कुठे बाहेर पडतं) रेंज चुकीची दिली तर दहा हजार काय लाखभर सर्कल तपासेल आणि खरं सर्कल त्यात नसेलच. माझ्या हाताखालच्या एका पोराने एकदा एक्झिटची रेंज टोच्या (उताराच्या पायथ्याच्या) वरतीच संपवली होती, एफओएस मस्त १.६ आला, तेवढी रेंज टोच्या खालपर्यंत ओढली तर १.२ वर.

@नवा_भिडू_कोकण तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. पाच उत्तरं येतात कारण गणित सुटत नाही म्हणून प्रत्येकाने वेगळी थाप मारलीय 🙂 म्हणजे असं बघ, घसरणाऱ्या मातीचे उभे काप केले की प्रत्येक कापाला शेजारचा काप ढकलत असतो, तो किती जोराने ढकलतो, कुठल्या कोनात ढकलतो आणि कुठल्या उंचीवर ढकलतो हे सगळं अज्ञात. समीकरणं कमी आणि अज्ञात जास्त. मग फेलेनियस म्हणाला शेजाऱ्यांचं ढकलणं सोडूनच देऊ. बिशप म्हणाला (१९५५ ची गोष्ट) शेजारी ढकलतो पण आडवाच ढकलतो असं धरू, त्यामुळे प्रत्येक कापाचा उभा तोल सांभाळला जातो आणि अख्ख्या वर्तुळाचा मोमेंटही (फिरवणारा जोर). जांबूच्या साध्या पद्धतीत फक्त फोर्सचा तोल, मोमेंट सोडला, म्हणून तिला मागून करेक्शन फॅक्टर लावावा लागतो, तू तो लावला नाहीस, लाव, तुझा १.३७ वाढेल. स्पेन्सर म्हणाला शेजाऱ्याचा जोर सगळीकडे एकाच कोनात धरा, मॉर्गनस्टर्न-प्राइस म्हणाले कोन बदलू दे पण कसा बदलतो ते फंक्शन तुम्ही द्या. हे शेवटचे दोघं फोर्स आणि मोमेंट दोन्ही सांभाळतात.

आणि मजा अशी की जे जे सगळे तोल सांभाळतात त्यांची उत्तरं एकमेकांपासून साधारण ५-६ टक्क्यांच्या आतच येतात, बिशप सगळं सांभाळत नाही तरी गोल सर्कलला तोही त्यांच्याच पंगतीत बसतो. तुझे १.४६ आणि १.४७ बघ ना. म्हणजे पद्धतीपद्धतीतला वाद हा ५ टक्क्यांचा वाद आहे.

फेलेनियसचं मात्र वेगळं आहे, तो का चुकतो ते एकदा हाताने करून बघ म्हणजे आयुष्यभर लक्षात राहील. एक काप घे, २ मीटर रुंद, ५ मीटर उंच, वजन १८० किलोन्यूटन. पायाचा उतार ५० अंश, पोअर प्रेशर (मातीतल्या पाण्याचा दाब) ३५ केपीए. फेलेनियसमध्ये पायावरचा नॉर्मल (काटकोनातला जोर) म्हणजे १८० गुणिले कोसाइन ५०, आले ११६. पायाची लांबी ३.११ मीटर, गुणिले ३५ म्हणजे पाण्याचे १०९ वजा. उरले किती? ७ किलोन्यूटन. आता तोच काप बिशपने कर, सी ८, फाय २८, एफ (एफओएस) १.३ धर, इफेक्टिव्ह नॉर्मल (पाणी वजा जाऊन उरलेला) जवळजवळ १०० येतो. ७ आणि १००! एकाच कापाला. अजून थोडं पाणी वाढव, फेलेनियसचा आकडा मायनसमध्ये जातो, म्हणजे माती पायाला चिकटून लोंबकळतेय असा अर्थ होतो, जे हास्यास्पद आहे. म्हणून पाणी असेल आणि काप तिरपे असतील तिथे फेलेनियस फारच कमी देतो. पाणी नसेल तर फरक थोडाच, तुझ्याकडे १.३९ विरुद्ध १.४६ आलाय तेवढाच. आणि फाय शून्य धरला, म्हणजे ओल्या चिकणमातीचं अनड्रेन्ड (आतलं पाणी बाहेर पडत नाही असं धरून केलेलं) अ‍ॅनालिसिस, तर गोल सर्कलवर फेलेनियस आणि बिशप तंतोतंत एकच उत्तर देतात, कारण तिथे नॉर्मलचा संबंधच येत नाही.

पण तुझ्या पोस्टमधलं मला खरं खटकलं ते वेगळंच आहे. सॅम्पल कुठल्या महिन्यात काढलं? आणि टेस्ट भिजवून केली की तशीच?

नवा_भिडू_कोकण (सकाळी ९:३०)

ताई खूप खूप धन्यवाद, तो कापाचा हिशोब आत्ता ऑफिसमध्ये बसून केला, खरंच ७ आला 😳 सॅम्पल एप्रिलमध्ये काढलंय. टेस्टचं लॅबला विचारून सांगतो, रिपोर्टमध्ये नुसतं 'डायरेक्ट शियर टेस्ट' एवढंच आहे.

निवृत्त_डेप्युटी (सकाळी १०:०५)

एप्रिल म्हटल्यावर मी हसलो. क्षमा करा, हसणं बरोबर नाही पण हसलो.

मी जलसंपदामधून डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो, निम्मी नोकरी मातीच्या धरणांवर गेली, तेव्हा ते इरिगेशन खातं होतं. आमच्या वेळी सॉफ्टवेअर नव्हतं, धरणाचा सेक्शन ड्रॉइंग शीटवर काढायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून कंपासने सर्कल मारायचं, काप पाडायचे आणि फॅसिटचं (हाताने फिरवायच्या गणकयंत्राचं) हँडल फिरवत बसायचं. स्वीडिश सर्कल (फेलेनियसचीच पद्धत) आणि मशीनही स्वीडिश 😄 एका सर्कलला अर्धा दिवस जायचा, म्हणून उगाच दहा हजार सर्कल मारत नसू, आधी दोन दिवस विचार करायचो की हे धरण घसरलंच तर कुठून घसरेल. सातारकरांनी फेलेनियसला आजोबा म्हटलंय ते खरं आहे पण आजोबांची गोष्ट तरी ऐका. १९१६ साली स्वीडनमध्ये गोथेनबर्ग बंदरातला स्टिगबर्गचा धक्का घसरला, आणि घसरलेली माती कापून बघितली तर सरकण्याची रेघ गोल निघाली, तिथून ही सर्कलची सगळी भानगड सुरू झाली. मऊ चिकणमातीत बघून काढलेली पद्धत ती. तुमच्या कोकणातल्या डोंगराने गोलच घसरावं असं त्याच्यावर काही बंधन नाही.

आता धरणाचं सांगतो कारण त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आय.एस. ७८९४ मध्ये धरणाला एकच एफओएस नाही. तलाव भरलेला आणि पाझर स्थिर झालेला असताना डाउनस्ट्रीमला (मागच्या उताराला) १.५ मागतात. पाणी झपकन खाली उतरलं, ज्याला सडन ड्रॉडाउन म्हणतात, तेव्हा अपस्ट्रीमला (पाण्याकडच्या उताराला) १.३ चालतो. माती तीच, हार्टिंग (आतला गाभा) तेच, केसिंग (बाहेरचा थर) तेच, पिचिंगचे (उतारावर बसवलेले) दगडसुद्धा तेच, बदललं काय तर पाणी. तलाव भरलेला असतो तेव्हा बाहेरचं पाणी उताराला दाबून धरतं, ते उतरलं की आधार गेला पण हार्टिंगमधल्या काळ्या मातीतलं पाणी काही लगेच बाहेर पडत नाही, आत दाब तसाच राहतो, आणि उतार आत ओला आणि बाहेर उघडा असा सापडतो. म्हणून आम्ही कुठली पद्धत हे नंतर विचारायचो, आधी विचारायचो पाणी कुठल्या अवस्थेतलं.

तुमच्या कटिंगमध्ये पाण्याची रेघच नाही म्हणता. एप्रिलमध्ये बोअर मारलं तर कोकणात पाणी लागेल कसं? तिथल्या कुठल्याही घरी जा, विहीर दाखवा म्हणा. एप्रिलमध्ये तळाशी कळशीभर पाणी असतं, आणि श्रावणात त्याच विहिरीत कठड्यावरून वाकलं की हाताला पाणी लागतं. हे म्हातारी बाईसुद्धा सांगेल, त्याला पिझोमीटर (जमिनीतलं पाणी मोजायची नळी) लागत नाही. (पिझोमीटर लावा तरीसुद्धा.)

हाताने एक छोटा हिशोब करा. कटिंगच्या वरचा नैसर्गिक उतार ३० अंश असेल असं धरा, त्यावर ३ मीटर मातीचा थर, खाली कडक. सी ५, फाय ३०, युनिट वेट १८. लांबलचक उतार धरून इन्फिनिट स्लोपचा फॉर्म्युला लावा, त्यात काप नाहीत, सर्कल नाही, पद्धतीचं भांडण नाही. कोरडं असताना एफओएस १.२१. दीड मीटर पाणी चढलं, ०.९४. जमिनीपर्यंत भरलं, ०.६७. साधारण १.२ मीटर पाणी चढलं की बरोब्बर एकवर येतो. गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली एवढं पाणी, त्यात डोंगर जातो. इकडे तुम्ही मॉर्गनस्टर्न की बिशप म्हणून दुसऱ्या दशांशावर भांडताय.

मेशमध्ये_अडकलेला (दुपारी १:२०)

काका जबरदस्त 🙏 फॅसिटचा फोटो असेल तर टाका कधीतरी.

एफईएमबद्दल दोन शब्द, कारण मूळ पोस्टमध्ये मित्राने १.४३ काढून दिला म्हटलंय आणि लोकांना वाटतं एफईएम म्हणजे ब्रह्मवाक्य. स्ट्रेंथ रिडक्शनमध्ये आपण सी आणि टॅन फाय दोन्हींना एकाच आकड्याने भागत जातो, १.१, १.२, १.३, आणि ज्या आकड्याला मॉडेलचा तोल लागत नाही, सोल्यूशन कन्व्हर्ज होत नाही, तो एफओएस. फायदा मोठा आहे, घसरण्याची रेघ आपण द्यायची नाही, ती आपोआप उमटते, गोल असो वाकडी असो. पण कन्व्हर्ज का झालं नाही हे कोण ठरवणार? डोंगर पडला म्हणून, की मेश (मॉडेलची जाळी) जाड होती म्हणून, की टॉलरन्स ढिला होता म्हणून, की टोपाशी (उताराच्या माथ्याशी) एक चिमूटभर एलिमेंट रुसून बसलं म्हणून? मी आठवडाभर एका १.१२ च्या मागे लागलो होतो, गाईडनी डिस्प्लेसमेंटचा प्लॉट बघून एका मिनिटात सांगितलं की अरे हा अख्खा स्लोप नाहीये, वरच्या कोपऱ्यातलं अर्धा मीटर ढेकूळ पडतंय. तेवढं ढेकूळ सोडलं तर १.४. त्यामुळे नुसता आकडा मागू नकोस मित्राकडे, शियर स्ट्रेनचा (माती कुठल्या पट्ट्यात सरकतेय त्याचा) प्लॉट माग आणि बघ की बँड कुठून निघून कुठे बाहेर पडतोय. तो तुझ्या बिशपच्या सर्कलवर बसत असेल तर उत्तम, नसेल तर मग खरी माहिती मिळाली.

आणि ई मॉड्युलसवरून (मातीच्या ताठपणावरून) उगाच कोणी घाबरवलं तर घाबरू नको, एफओएसवर त्याचा परिणाम नगण्य असतो, डिफॉर्मेशनवर असतो.

खडकफोड्या (दुपारी ३:४५)

मी जिऑलॉजिस्ट आहे त्यामुळे माझा प्रश्न नेहमीचाच, तो १४ मीटर एकच थर धरलाय हे कसं चालेल? वर जांभा आहे, तो कडक टोपीसारखा उभा राहतो, त्याला भेगा असतात, पाणी भेगांतून सरळ खाली जातं. खाली लिथोमार्ज, केओलिनची माती, कोरडी असताना नख लागत नाही आणि भिजली की साबणासारखी. पाणी जांभ्यातून भराभर उतरतं आणि लिथोमार्जच्या डोक्यावर येऊन अडतं कारण ती पाणी तितक्या लवकर सोडत नाही. मग कटिंगच्या तोंडाला जांभ्याच्या खालच्या रेघेतून पाणी पाझरायला लागतं, खालची माती हळूहळू धुऊन निघते, वरची टोपी अधांतरी लटकते आणि एक दिवस मोठाच्या मोठा तुकडा खाली. यात सर्कल कुठंय? ही तुमची बिशपची घसरण नाहीच. कोकण रेल्वेच्या कटिंगनी हा धडा महागात शिकवलाय, २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमधली दरड रुळावर आली आणि गाडी त्यावर जाऊन ५० च्या वर माणसं गेली, त्यानंतर कटिंगचे उतार चपटे करणं, जाळ्या मारणं हे सगळं मोठ्या प्रमाणावर झालं. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या वेळापत्रकाने हळू पळते ते उगाच नाही.

आणि तळाच्या बसाल्टचं म्हणाल तर तिथे माती-पद्धती बंदच करा. खडक जॉइंटवरून (खडकातल्या भेगांवरून) सुटतो. दोन फ्लोच्या (लाव्हाच्या थरांच्या) मध्ये तो लाल थर असतो ना, रेड बोल, तो भिजून फुगतो आणि मऊ होतो, त्याचा उतार रस्त्याकडे असेल तर वरचा खडक त्यावरून सरकू शकतो, आणि उभे जॉइंट असतील तर खांबासारखे तुकडे पुढे कलंडतात. तिथे आधी होकायंत्र आणि क्लायनोमीटर घेऊन जॉइंटची मोजणी, स्टिरिओनेटवर (भेगांच्या दिशा मांडायच्या गोल आलेखावर) टाकून बघणं की प्लेन फेल्युअर (एका भेगेवरून सरकणं) होतं का, वेज (दोन भेगांमधली पाचर सुटणं) होतं का, टॉपलिंग (कलंडणं) होतं का. एक्सप्रेसवेवर आडोशी बोगद्यापाशी २०१५ च्या जुलैमध्ये दगड आले त्याला कोणी बिशपचा एफओएस काढून काय करणार, सुटे दगड होते, त्याला जाळी आणि स्केलिंग (सुटे दगड आधीच पाडून टाकणं).

सातारी_सिव्हिल (संध्याकाळी ५:१०)

बरं बरं घेतो माझं म्हणणं मागे 🙏😂 पण मग माळीण सारखं झालं तर त्याला कुठली पद्धत? तिथे तर अख्खं गावच गेलं.

खडकफोड्या (संध्याकाळी ५:५५)

माळीण (३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका) म्हणजे सुरुवात होते पातळ थराच्या घसरणीने, वर काकांनी लिहिलेला इन्फिनिट स्लोप तिथे कामाचा, पण एकदा सुटलं की ते माती-पाणी-दगडाचं लगद्यासारखं वाहणं होतं. एफओएस फक्त सुटेल की नाही एवढं सांगतो. सुटल्यावर किती लांब जाईल, खालच्या घरांपर्यंत पोचेल का, याचं अ‍ॅनालिसिस वेगळं, रनआउटचं. आपल्याकडे रिपोर्टमध्ये पहिला भाग असतो आणि दुसरा नसतो, कारण टेंडरमध्ये मागितलेलाच नसतो. असो, तो विषय काढला की माझं डोकं फिरतं.

नवा_भिडू_कोकण (दुसऱ्या दिवशी, रात्री १०:२०)

लॅबशी बोललो. अंदाज बरोबर निघाला ताई. टेस्ट नॅचरल मॉइश्चरवरच केलेली, एप्रिलचं कोरडं सॅम्पल, भिजवलंच नव्हतं. मी विचारलं का नाही भिजवलं तर म्हणाले तुम्ही रिक्विझिशनमध्ये (टेस्टच्या मागणीपत्रात) लिहिलं नव्हतं. आणि रिक्विझिशन मीच भरलं होतं 🤦 तो कॉलमच मी रिकामा सोडलेला, मला वाटलं लॅबवाले ठरवतात.

नशिबाने दोन यूडीएस (न विस्कटता काढलेल्या नमुन्याच्या) ट्यूब शिल्लक होत्या, मेण लावून ठेवलेल्या. त्यावर भिजवून टेस्ट करून घेतल्या, काल संध्याकाळी एक आणि आज एक. सी १२, फाय २७ आला. म्हणजे सी २८ वरून १२ वर. तो बाकीचा १६ कुठे गेला?

मग रात्री बसून परत रन मारले. भिजवलेले आकडे, पाणी नाही, बिशप १.०९. आणि विहिरींचं काकांनी सांगितलं म्हणून साइटवरच्या सुपरवायझरला फोन केला, तो तिथलाच आहे, तो म्हणाला वरच्या वाडीतल्या विहिरीला जुलैमध्ये पाणी वरून दोन हातांवर असतं. ती विहीर कटिंगच्या टोपापासून ६० मीटर मागे आहे. त्यावरून तोंडाकडे उतरत जाणारी पाण्याची रेघ मारली, बिशप ०.९१, मॉर्गनस्टर्न ०.९२, फेलेनियस ०.८२. आता सगळ्या पद्धतींचं एकमत झालंय, कटिंग पडणार 😐

साहेबांना अजून सांगितलं नाहीये.

मातीची_गोष्ट (दुसऱ्या दिवशी, रात्री ११:०५)

सांग, उद्या सकाळी पहिल्यांदा तेच सांग, आणि रिक्विझिशनचं स्वतःहून सांग. दीड वर्षात ही चूक कागदावर सापडली हे चांगलं झालं, आमच्यातल्या काहींना ती जुलैमध्ये जेसीबी बोलावून सापडलीय.

तो १६ केपीए कुठे गेला ते विचारलंस. तो सी नव्हताच. अर्धवट कोरड्या मातीत कणांच्या मध्ये पाण्याचे जे बारीक धागे असतात ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतात, सक्शन म्हणतात त्याला. किनाऱ्यावर ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो त्याच्याच जीवावर, आणि लाट आली की बसतो. टेस्टमध्ये ते ओढून धरणं सीच्या वेषात आलं. कोरड्या महिन्यात ते खरंच असतं, म्हणून तर कोकणात ४५ काय ७० अंशाचे कट मे महिन्यापर्यंत आरामात उभे असतात आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो बघा मॅडम काही होत नाही. पहिले दोन-तीन मोठे पाऊस आत मुरले की संपलं. त्याच्या भरवशावर कायमचा स्लोप डिझाइन करायचा नाही, एवढंच.

अजून एक गोष्ट राहिली, मागच्या वेळी लिहायची विसरले. टोपाला टेन्शन क्रॅक घेतलास का? सी १२ आणि फाय २७ ला भेग खोल जाऊ शकते २ मीटरच्या थोडी वर. ती भेग पावसात पाण्याने भरली की तेच पाणी पुढे ढकलतं, वर सर्कलचा तेवढा तुकडा ताकदीतून वजा. क्रॅक भरलेली धरून एकदा रन कर, ०.९१ चा अजून खाली जाईल.

थरही वेगळे कर. आणि खडकफोड्या म्हणतोय तशी जांभा-लिथोमार्जच्या सांध्यावरून जाणारी नॉन-सर्क्युलर रेघ तपास, तिथे बिशप वापरू नको, स्पेन्सर किंवा मॉर्गनस्टर्न. पद्धत निवडायची वेळ आली ती इथे, रेघ गोल नसेल तेव्हा.

आता उपाय. एकास दीडचा उतार आणि मध्ये ३ मीटरचा बर्म (सपाट पायरी) घेतलास तर तुझ्या नव्या आकड्यांवर, पाणी नीट उतरवलं असं धरून, १.५ च्या आसपास जायला हवं. पण पाणी उतरवलं हे नुसतं मॉडेलमध्ये उतरवायचं नाही. टोपाला कॅच वॉटर ड्रेन, लाइनिंग केलेला, कच्चा चर खणला तर तोच पाणी आत मुरवतो. लिथोमार्जच्या डोक्याशी आडवे ड्रेन, किंचित बाहेरच्या उताराने, जिओटेक्स्टाइल गुंडाळलेला पाइप नाहीतर दोन वर्षांत बुजतो. नुसते रिटेनिंग वॉलचे वीप होल पुरणार नाहीत, ते भिंतीमागचं पाणी काढतात, डोंगरातलं नाही.

नवा_भिडू_कोकण (दुसऱ्या दिवशी, रात्री ११:३०)

ताई एकास दीडला जागाच नाहीये. टोपापासून ४ मीटरवर आरओडब्ल्यू (रस्त्यासाठी घेतलेली जागा) संपतो आणि पुढे कोणाची तरी काजूची बाग आहे, भूसंपादन परत उघडायचं म्हटलं तर प्रोजेक्ट दोन वर्ष मागे.

निवृत्त_डेप्युटी (तिसऱ्या दिवशी, सकाळी ६:४०)

मग सॉइल नेल (डोंगरात ठोकायच्या सळया), किंवा खाली गॅबियन (दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या) आणि वर चपटा उतार असं मिश्र काहीतरी बघावं लागेल, आणि ते महाग आहे असं साहेब म्हणतील. म्हणू देत. नेलच्या डिझाइनमध्ये सुद्धा भिजलेलेच आकडे घाला, आणि पुलआउट टेस्ट (नेल ओढून बघणं) साइटवर घ्या, तीसुद्धा भिजवून.

एक काम आज करा. दोन साधे स्टँडपाइप पिझोमीटर पाऊस सुरू व्हायच्या आत बसवा, एक टोपाशी, एक विहिरीच्या बाजूने अर्ध्या वाटेवर. पाइप, खाली भोकं पाडलेली, वाळूचा फिल्टर, वर बेंटोनाइटचा बूच. खर्च फारसा नाही. जून लागला की रोज सकाळी सुपरवायझरला टेपने मोजून वहीत लिहायला सांगा, शेजारी पावसाचा आकडाही लिहायचा. तुमच्या त्या ०.९१ मधली पाण्याची रेघ फोनवरच्या दोन हातांवर काढलेली आहे हे विसरू नका.

आणि साइटवर गेलात की टोपावर, बागेच्या कुंपणाच्या आतल्या बाजूला चालत जा आणि जमीन बघा. रस्त्याला समांतर बारीक भेग दिसते का, काजूची झाडं खोडातून वाकलीत का, एखाद्या जागी मे महिन्यातही गवत हिरवं आहे का. हिरवं दिसलं तर तिथे खणायचं नाही, आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं.

नवा_भिडू_कोकण (तिसऱ्या दिवशी, रात्री ९:५०)

काका, आज गेलो होतो. भेग नाही दिसली. झाडं सरळ आहेत. पण चेनेज (रस्त्यावरचं अंतर) मार्किंगच्या दगडापासून साधारण वीस पावलांवर हिरव्या गवताचा एक पट्टा आहे, कटिंगच्या रेघेला बरोब्बर आडवा. बागेचे मालक तिथेच होते, म्हणाले पावसात इथून झरा फुटतो, दिवाळीपर्यंत वाहतो, आम्ही त्याच्यावर मिरची लावतो.

बोअर त्या जागेपासून ७० मीटर लांब मारलेलं होतं, कारण तिथे रिग चढत नव्हती.

साहेबांना फोटो पाठवलाय. पिझोमीटरचे पाइप उद्या येतायत.

मातीची_गोष्ट (तिसऱ्या दिवशी, रात्री १०:१५)

एक पाइप मिरचीच्या वाफ्यात लाव. मालकांना विचारून लाव.

खडकफोड्या (तिसऱ्या दिवशी, रात्री १०:३२)

आणि जुलैचे आकडे इथेच टाक, धागा बंद करू नकोस.